सातवाहनांवरचा सिनेमा, त्यात खरं किती?

प्रश्न: आमच्या पैठणच्या गौतमीपुत्र सातकर्णीवर 2017 ला तेलुगूत सिनेमा आला होता, तो परवा मोबाइलवर बघितला, लै आवडला. पण पोरगं म्हणायलंय की असले सिनेमे म्हणजे सगळं खोटंच असतंय. खरं किती मानावं?
– एक वाचक, पैठण

उत्तर: दादा, सगळं खोटं कसं असंल? त्यानं नहपान या शक राजाला हरवलं हे तर पक्कंच आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांच्या वर नाणी, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातकर्णीनं परत आपला छाप मारलेला, आता याच्याहून मोठा पुरावा काय पाहिजे!

राहिली अतिशयोक्ती, तर ती त्याच्या आईनंच करून ठेवलीय. गौतमी बलश्रीनं नातवाच्या काळात नाशिकच्या लेण्यात लेख कोरून घेतला, त्यात माझ्या लेकाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी पिलं असं म्हणते, त्याला राम-अर्जुनाच्या रांगेत बसवते. आईची माया आणि राजघराण्याचा रुबाब दोन्ही आहे त्यात, म्हणून दिग्दर्शकानं थोडं वाढवून दाखवलं तर मला राग येत नाही.

पण कोणत्याही सिनेमात सातवाहनाच्या घोड्याला लोखंडी रिकिबी (स्वारानं पाय अडकवायच्या कड्या) दिसल्या की जीव जळतो, त्या काळी इकडं त्या नव्हत्याच, आणि ही कला नाही, हा आळस आहे. पोराला अजिंठ्याच्या 10 नंबरच्या लेण्यात घेऊन जा, तिथं सातवाहन काळातली चित्रं आहेत, पुसट झालीत पण माणसांचे फेटे, दागिने नीट बघायला मिळतात.