पाड्यावर मोबाईल रोखण्याआधी

प्रश्न : मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून मुंबईच्या आरेतल्या वारली पाड्यांवर ऑगमेंटेड रिॲलिटीचं (एआर) ॲप करायचं ठरवलंय. घराच्या भिंतीवरच्या चित्रावर मोबाईल धरला की तारपा नाच सुरू होईल, वाघोबाच्या शिळेतून वाघ उडी मारेल. शाळेतल्या मुलांना आदिवासींचा इतिहास आणि संस्कृती कळावी हा हेतू. सुरुवात कुठून करू? – एक विद्यार्थिनी, अंधेरी

उत्तर : वाघापासून तर नकोच. मी गोरेगावात राहते आणि पोटासाठी एआरच करते. सोफा तुमच्या हॉलमध्ये मावेल का, हे मोबाईलवर दाखवायचं. सोफ्याला कुणाची परवानगी लागत नाही. वाघोबा देव आहे, बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी शेंदूर लावून पुजलेला. त्याने उडी मारायची की नाही, हे तुम्ही-मी कोण ठरवणार? पाड्यावर विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर तो भाग गाळायची तयारी ठेवा. पहिल्या खेपेला लॅपटॉप घरीच राहू दे.

ऑस्ट्रेलियात तिथल्या वारुमुंगू या आदिवासी लोकांबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ नावाची संग्रहप्रणाली घडली. कोणता फोटो, कोणतं गाणं कुणी पाहावं-ऐकावं, हे त्यात समाज स्वतः ठरवतो. काही फक्त बायकांसाठी, काही फक्त घराण्यासाठी. तुमच्या डेटाबेसमध्ये असा रकाना पहिल्या दिवसापासून असू द्या. मागाहून घुसडायला गेलात तर सगळा कोड उसवावा लागेल.

भिंतीचं म्हणाल, तर ती कॅमेऱ्यालाही सोयीची नाही. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेले तेच ते त्रिकोण! चित्र ओळखायला कॅमेऱ्याला एकमेकांहून वेगळे कोपरे लागतात. भिंत पुन्हा सारवली की खूणच गेली. दाट झाडीखाली जीपीएसही भरकटतो. त्यापेक्षा छापील कार्डं करा. चित्रं पाड्यावरच्या चित्रकारांकडून काढून घ्या, मोबदला द्या, कार्डावर त्यांचं नाव छापा. वर्गातल्या बाकावरही ती चालतील, आणि कुणाच्या दारात तीस पोरं मोबाईल रोखून उभी राहणार नाहीत. स्वस्तातल्या कित्येक अँड्रॉइड फोनवर एआर चालतच नाही. तिथे निदान तारप्याचा, म्हणजे नाचाच्या वेळी फुंकून वाजवायच्या वाद्याचा, आवाज आणि गोष्ट ऐकू येईल अशी सोय ठेवा.

आता खरा मुद्दा. पत्रात ‘इतिहास’ म्हणता, आराखड्यात मात्र नाच आणि वाघ. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र घ्या. सुवासिनी तो काढतात, आत पालघाट देवी असते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत लग्न लावते. हाच चौक हल्ली कुशनच्या खोळींवर दिसतो. पण त्याच लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराच्या शेतावर राबायला बांधली जात. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर काही जण मारले गेले. चौकाच्या कार्डावर मोबाईल धरला की आधी चित्र, मग लग्नगड्याची हकिकत, असं करता येईल. आठवीतल्या मुलांना हे झेपतं, शिक्षक उगाच घाबरतात.

मात्र हा लढा डहाणू-तलासरीकडचा, तो आरेच्या माथी मारू नका. आरेची स्वतःची कथा आहे. १९४९ मध्ये दुग्ध वसाहत, १९७७ मध्ये फिल्मसिटी, पाडे त्याआधीचे. तबेल्याकडे किंवा फिल्मसिटीच्या रस्त्याकडे मोबाईल धरला की तिथे पूर्वी कुणाचं भातशेत होतं, कोणती वाट कुठे जायची, हे एखाद्या आजीच्या आवाजात ऐकू आलं, तर त्या जागेवर एआर वापरल्याचं काही कारण तरी दिसेल. वाघ नाचवायला साधा व्हिडिओही पुरतो.

प्रकल्पाच्या गाईडना एक आत्ताच विचारून घ्या : प्रकल्प जमा केल्यावर आवाजाच्या फिती कुणाच्या? उत्तर ‘कॉलेजच्या’ असं आलं, तर आजींना रेकॉर्डिंगआधीच तसं सांगा. आणि सगळ्या फितींची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून पाड्यावर द्या. लिंक पाठवून भागणार नाही.