टीव्हीचे नियम आणि दिव्यांग प्रेक्षक : तुमचे प्रश्न

माझी नववीतली मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे. रात्री सगळे मराठी मालिका बघत बसतो, तेव्हा ती सारखी ‘काय म्हणाली?’ असं खुणेनं विचारते. खाली अक्षरं द्यायला वाहिन्यांना भाग पाडता येत नाही का? (एक आई, सांगली)

कायदा तुमच्या मुलीच्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ नुसार माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना समजेल अशा रूपात मिळावा, ही सरकारची जबाबदारी आहे. सांकेतिक भाषा, कॅप्शन (म्हणजेच खालची अक्षरं) आणि ध्वनिवर्णन (पडद्यावर काय दिसतंय ते अंध प्रेक्षकांना सांगणारा आवाज) या तिन्हींचा त्यात नावानिशी उल्लेख आहे.

घोडं अडतं ते पुढे. माहिती व प्रसारण मंत्रालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मानकं आणली. वृत्तवाहिन्यांनी रोज किमान एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यावं आणि वाहिन्यांनी आठवड्यातून किमान एक कार्यक्रम कॅप्शन किंवा सांकेतिक भाषेसह दाखवावा, असं त्यात म्हटलं आहे. थेट प्रक्षेपण, चर्चा, रिॲलिटी शो आणि जाहिराती यांना सूट आहे. मालिकांना सूट नाही, पण आठवड्यातून एक कार्यक्रम दाखवला की वाहिनीची जबाबदारी संपते. रोज पुढे सरकणाऱ्या मालिकेचा सोमवारचा भाग समजला आणि मंगळवारचा नाही, तर मुलीच्या हाती काय लागलं?

मला हे किमान फारच तोकडं वाटतं. मालिकेचे संवाद देवनागरीत लिहिलेले असतातच, काम उरतं ते चित्राशी वेळ जुळवण्याचं. भागांचं चित्रीकरण अगदी शेवटपर्यंत चालू असतं, ही अडचण खरी आहे. पण निदान पुनःप्रक्षेपणाला अक्षरं देण्यात ती आड येत नाही.

कर्णबधिर मुलं शाळेत मराठी वाचायला शिकतात. मग पडद्याच्या कोपऱ्यात दुभाषी कशाला? (निवृत्त शिक्षक, अकोला)

जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. लिखित मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा, तीही कधी न ऐकता शिकलेली. उलट उतारवयात ऐकू येईनासं झालेल्या आजोबांना खुणा कळत नाहीत, त्यांना अक्षरंच हवीत. म्हणून दोन्ही लागतं. आणि दुभाषी दाखवायचा तर तो दिसला पाहिजे. खुणांइतकेच चेहऱ्यावरचे भावही अर्थ सांगतात. टपाल तिकिटाएवढी चौकट आणि तिच्यावरून धावणारी ‘ब्रेकिंग’ची पट्टी म्हणजे केवळ नियमाची भरती.

मी पूर्ण अंध आहे. मालिकेत कुणीतरी पत्र वाचतं, नुसतं संगीत वाजत राहतं आणि घरातले सगळे दचकतात. मला कुणी काही सांगत नाही. माझ्यासाठी काय नियम आहे? (नाशिक)

टीव्हीसाठीची २०१९ ची मानकं कर्णबधिरांपुरतीच आहेत, तुमच्यासाठी त्यांत काहीच नाही. तुम्हाला हवं आहे ध्वनिवर्णन : संवादांच्या मधल्या जागेत ‘ती पत्र फाडते, दारात सासू उभी आहे’ असं सांगणारा आवाज.

चित्रपटांत थोडी हालचाल झाली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीवर येण्याआधी ध्वनिवर्णन आणि कॅप्शन तयार करायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. ओटीटीसाठीच्या २०२१ च्या नियमांत मात्र ‘शक्य तितके प्रयत्न’ एवढंच आहे, आणि अशा शब्दांत मोजण्यासारखं काही नसतं.

याच दुखण्यावर सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात बोट ठेवलं. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना गोष्टी सहज वापरता याव्यात यासाठीचे, नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवणं मूळ कायद्याच्या विरोधात जातं, काही किमान गोष्टी सक्तीच्याच हव्यात, असा तो निकाल आहे. अंध प्रेक्षकांच्या संघटनांनी टीव्हीवरच्या ध्वनिवर्णनाची मागणी या निकालाच्या आधारे लावून धरावी, असं मी आग्रहानं सांगेन.

लंडनमध्ये राहतो. इथे जवळपास प्रत्येक कार्यक्रमाला सबटायटल असतात, पण आईसाठी घेतलेल्या भारतीय वाहिन्यांवर नसतात. असं का?

ब्रिटनमध्ये नियामक संस्था ऑफकॉम आकडे ठरवून देते. २००३ च्या कायद्यानुसार वाहिनीनं दहा वर्षांत ८० टक्के कार्यक्रमांना सबटायटल, १० टक्क्यांना ध्वनिवर्णन आणि ५ टक्क्यांना सांकेतिक भाषा इथपर्यंत पोहोचायचं होतं. पण प्रेक्षकांतला वाटा ०.०५ टक्क्यांहून कमी असेल किंवा खर्च उत्पन्नाच्या १ टक्क्यापलीकडे जात असेल, तर सूट मिळते. आईच्या वाहिन्या बहुधा या सुटीत बसतात.

चुकलं तर जाबही द्यावा लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये एका प्रसारण केंद्रातल्या बिघाडानं चॅनल ४ ची सबटायटल कित्येक आठवडे गेली. ऑफकॉमनं चौकशी केली आणि वाहिनीनं अट मोडल्याचा निष्कर्ष जाहीर केला. बिघाड वाहिनीच्या हातचा नव्हता, तरीही. पडद्यामागे कोण काम करतं याचीही तिथे विचारणा होते : वीसहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रसारकांना लिंग, वंश आणि अपंगत्व या बाबतींत समान संधीसाठी काय केलं, हे दाखवावं लागतं. लेखकांच्या टेबलाशी एक कर्णबधिर माणूस बसला, तर पहिल्या प्रश्नातल्या मुलीची आठवण कुणाला वेगळी करून द्यावी लागणार नाही. आपल्या नियमांत ही बाजू मला दिसत नाही.

एका विनोदी कार्यक्रमात तोतरं बोलणाऱ्याची सतत टिंगल होते. तक्रार कुठे करायची? (कोल्हापूर)

आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, त्यात तारीख, वेळ आणि प्रसंग नेमका नोंदवा. २०२१ च्या केबल नियमांनुसार १५ दिवसांत उत्तर यायला हवं. समाधान झालं नाही, तर वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करा. तिसरी पायरी केंद्र सरकारची. दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय मुख्य आयुक्तांकडेही दाद मागता येते.

तक्रारीत निपुण मल्होत्रा खटल्याचा, ८ जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा उल्लेख जरूर करा. अपंगत्व समजून घेणारा विनोद आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद यांत न्यायालयानं त्यात फरक केला आहे. प्रसंगात हसू नेमकं कशावर आणलंय, तेवढं दोन ओळींत लिहा.