वाचकांचे प्रश्न : क्वाय नदीवरचा पूल

प्रश्न : ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटाच्या शेवटी पूल आगगाडीसकट नदीत कोसळतो. तो पूल खरा होता की लहान आकाराची प्रतिकृती होती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पूल खरा होता आणि गाडीसुद्धा खरी होती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इंग्रज युद्धकैद्यांकडून रेल्वेपूल बांधून घेतल्याची ही कथा थायलंडमधली असली, तरी दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी चित्रीकरणासाठी तेव्हाच्या सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कितुलगल हे केलणी नदीकाठचे गाव निवडले. तिथे हत्तींकडून ओंडके ओढवून सुमारे ४२५ फूट लांब आणि ९० फूट उंच लाकडी पूल उभारण्यात आला. पूल एकदाच उडणार, त्यामुळे अनेक ठिकाणी कॅमेरे लावले होते. प्रत्येक कॅमेरामनने कॅमेरा चालू करून आडोशाला जायचे, तिथून दिव्याचे बटण दाबायचे आणि सगळे दिवे लागले की लीन यांनी स्फोटाची खूण करायची, असे ठरले होते.

मार्च १९५७ मध्ये ठरलेल्या दिवशी सिलोनचे पंतप्रधान बंडारनायके आपल्या लवाजम्यासह पूल उडताना पाहायला आले, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. गाडी पुलाकडे निघाली, पण एक दिवा काही लागेना. माणूस अजून उघड्यावर असेल, या शंकेने लीन यांनी खूण केलीच नाही. चालक नसलेली गाडी धडधडत पूल ओलांडून पलीकडे गेली आणि तिथल्या जनित्रावर आदळली. तिची डागडुजी करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच तयारी झाली, आणि या वेळी मात्र पूल, इंजिन आणि डबे ठरल्याप्रमाणे खाली गेले. पडद्यावर काही क्षणांत संपणाऱ्या त्या दृश्यापेक्षा मला आदल्या दिवशीचा न झालेला स्फोटच अधिक थरारक वाटतो. गंमत म्हणजे प्येर बूल यांच्या मूळ फ्रेंच कादंबरीत पूल कोसळतच नाही!

प्रश्न : कैदी छावणीत येताना गाण्याऐवजी शीळ का घालतात? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ‘कर्नल बोगी’ ही ती धून इंग्रज लष्करी बँडमास्तर रिकेट्स यांनी १९१४ मध्ये रचली होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी तिच्यावर हिटलरची टर उडवणारे शब्द बसवले, पण ते इतके चावट होते की पडद्यावर आणणे अशक्यच होते. शीळ ऐकली की त्या काळच्या इंग्रज प्रेक्षकाला न उच्चारलेले शब्द आपोआप आठवत. याच धुनेला जोडून वाद्यवृंदावर वाजणारे दुसरे संचलनगीत मात्र संगीतकार माल्कम अर्नोल्ड यांनी चित्रपटासाठी नव्याने रचले.

प्रश्न : बूल यांना इंग्रजी फारसे येत नसताना पटकथेचा ऑस्कर त्यांना कसा मिळाला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पटकथा त्यांनी लिहिलेलीच नव्हती. ती कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांची होती, पण कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने दोघांनाही काळ्या यादीत टाकले होते. त्यामुळे श्रेयनामावलीत कादंबरीकाराचे नाव घालण्यात आले. चित्रपटाला मिळालेल्या सात ऑस्करांपैकी हा एक खऱ्या मानकऱ्यांच्या नावे झाला तो १९८४ मध्ये, आणि तोवर दोघेही हयात नव्हते.

प्रश्न : थायलंडमध्ये ‘क्वाय नदीवरचा पूल’ म्हणून दाखवतात तो कोणता? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तो कांचनाबुरीचा पोलादी पूल. जपानी सैन्याने युद्धकैदी आणि आशियाई मजुरांना राबवून १९४२-४३ मध्ये बांधलेल्या ब्रह्मदेश-थायलंड रेल्वेचा तो भाग आहे. तिथल्या कैद्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी हे चित्रपटात ॲलेक गिनेस यांनी रंगवलेल्या पूलवेड्या कर्नलच्या अगदी उलट होते. पोलादी पुलाआधी उभारलेल्या लाकडी पुलाच्या बांधकामात त्यांची माणसे गुपचूप वाळवी सोडत असत. नावाचे म्हणाल, तर हा पूल क्वायवर नव्हताच, तो मे क्लाँग नदीवर होता. बूल यांनी ती जागा पाहिलेली नव्हती. रेल्वे बरेच अंतर क्वायच्या काठाने जाते, एवढ्यावरून त्यांनी पूलही तिच्यावरच असल्याचे धरले. चित्रपटानंतर क्वायवरचा पूल शोधत पर्यटक येऊ लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास मे क्लाँगच्या त्या भागाचेच नव्याने बारसे करून त्याला ‘क्वाय याय’, म्हणजे मोठी क्वाय, असे नाव देण्यात आले.