अबोल मुलीने लीडरशिप कॅम्पला जावे का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते, एनसीसीच्या सीनियर विंगमध्ये कॅडेट आहे आणि बारा दिवसांच्या लीडरशिप कॅम्पसाठी तिची निवड झाली आहे. गेल्या वर्षीच्या वार्षिक शिबिरातून ती पायांना फोड घेऊन परतली होती, आणि या शिबिरानंतर दीड महिन्याने तिची परीक्षा आहे. इतके कष्ट घेऊन पुढे नोकरीच्या दृष्टीने काय हाती लागणार, आणि नेतृत्व जिच्या स्वभावातच नाही तिने तिथे का जावे, असे आपण विचारले आहे. तिची स्वतःची इच्छा असेल तर तिला अवश्य जाऊ द्यावे, आणि तिचा अबोलपणा हे न जाण्याचे कारण मानू नये, असे माझे मत आहे.

नोकरीविषयी अवास्तव आशा मी दाखवणार नाही. केवळ या शिबिराच्या प्रमाणपत्रावर कोणी नोकरी देत नाही. पुढे उपयोगी पडते ते एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र. ते किमान ‘बी’ श्रेणीत मिळाले आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर वय व इतर अटी पूर्ण करणाऱ्या अविवाहित कॅडेटला लष्कराच्या एनसीसी विशेष प्रवेश योजनेतून अर्ज करता येतो. त्यात लेखी परीक्षा नसते; अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला बोलावले जाते. मुलींसाठीच्या जागा मोजक्या असतात, हेही लक्षात ठेवावे. मात्र लष्करात जायचे की नाही हे तिने अद्याप ठरवले नसेल, तर त्या निर्णयाचे ओझे आताच या शिबिरावर टाकू नये.

आपल्या पत्रातील मला अधिक महत्त्वाचा वाटलेला भाग तिच्या स्वभावाचा आहे. नेतृत्व म्हणजे खणखणीत आवाजात हुकूम देणे, अशी समजूत कदाचित ड्रिलच्या मैदानामुळे रूढ झाली असावी. एसएसबीच्या गटचाचण्यांमध्ये मात्र वेगळेच काही पाहिले जाते. त्यांची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. ब्रिटिश लष्कराने १९४२ मध्ये अधिकारी निवडण्यासाठी नवी मंडळे सुरू केली, तेव्हा विल्फ्रेड बायन या मानसोपचारतज्ज्ञाने उमेदवारांच्या गटाला काम द्यावे, पण नेता नेमून देऊ नये, ही पद्धत पुढे आणली. स्वतः उठून दिसण्याची ओढ आणि सर्वांनी मिळून काम पार पाडण्याची गरज यांचा मेळ कोण कसा घालतो, हे त्यातून कळत असे. आजही फळी, बल्ली आणि दोर देऊन गटाला अडथळा पार करायला सांगतात. कमांड टास्कमध्ये तर उमेदवाराने स्वतःचे दोन सहकारी निवडून त्यांच्याकडून काम करून घ्यायचे असते. तिथे जी मुलगी आधी दोघींचे ऐकून घेते, फळी कुठवर पोहोचेल याचा अंदाज बांधते आणि मग तीन वाक्यांत काम वाटून देते, ती सतत बोलणाऱ्या मुलीपेक्षा मागे पडत नाही. एवढे मात्र खरे, की ती तीन वाक्ये तिला स्पष्ट आणि वेळेवर बोलावी लागतील. मनात उत्तर तयार असूनही गप्प राहणे हा दोष आहे, आणि तो घरी बसून सुधारत नाही.

खडतर शिबिराचा खरा उपयोग मला इथे दिसतो. झोप अपुरी झालेली आहे, पाय दुखत आहेत, तंबूतली एक मुलगी रडते आहे आणि पहाटेच्या फॉलइनला, म्हणजे रांगेतल्या हजेरीला, सर्वांना वेळेवर उभे करायचे आहे. अशा क्षणी आपण चिडतो, हात झटकतो की शांत राहतो, हे वर्गात बसून समजत नाही. एखाद्या दिवशी तिच्या हाती सेक्शन, म्हणजे कॅडेटची छोटी तुकडी, असेल, तर दुसऱ्या दिवशी तिच्याहून कमी अनुभवी मुलीचा शब्द तिला पाळावा लागेल. मला हा दुसरा दिवस अधिक मोलाचा वाटतो.

आता पायांविषयी, कारण ही तक्रार अगदी रास्त आहे. नवे बूट शिबिरातच पहिल्यांदा घालणे हे फोडांचे नेहमीचे कारण असते. आजपासून रोज तेच बूट आणि तेच मोजे घालून तिला चालू द्यावे, अंतर हळूहळू वाढवावे, नंतर पाठीवर थोडे वजन द्यावे. मोजे ओले झाले की लगेच बदलावेत आणि त्वचा चुरचुरू लागताच पट्टी लावावी. फोड येण्याची वाट पाहू नये. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दमा, जुनी दुखापत किंवा पाळीचा तीव्र त्रास असेल तर तो आधीच एएनओ मॅडमना (कॉलेजातील एनसीसी पाहणाऱ्या प्राध्यापिकांना) सांगावा आणि शिबिरात गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टरपासून लपवू नये. त्रास लपवणे म्हणजे चिवटपणा, असे अनेक चांगल्या कॅडेटना वाटते आणि त्यातूनच त्या आजारी पडतात.

शिबिरानंतर परीक्षेला दीड महिना आहे, तो पुरेसा आहे. फक्त शिबिराच्या काळात चुकणारी प्रात्यक्षिके कधी भरून मिळतील, हे विभागप्रमुखांकडून जाण्यापूर्वीच लेखी घ्यावे आणि वह्यांची व्यवस्था मैत्रिणीकडे लावून ठेवावी.

पत्रात आपली काळजी सविस्तर आली आहे, पण जायचे आहे की नाही हे तिला विचारल्याचा उल्लेख कुठे नाही. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तिच्याशी निवांत बोलावे. ती अबोल आहे, म्हणून उत्तरासाठी तिला एक-दोन दिवस द्यावेत.

आपली,
करिअर समुपदेशक