कोरोनाच्या काळात जिल्हा परिषदेची शाळा उघडावी की नाही, यावरून खेड्यातल्या पालकांत एवढी भांडणं का झाली?

तुम्ही विचारलंय की पुण्या-मुंबईच्या पालकांचं भांडण समजू शकतं, पण खेड्यात मोकळी हवा, वर्गात वीस-पंचवीस लेकरं, तिथं भांडायला काय होतं? आणि शेवटी बरोबर कोण निघालं?

मी बीड जिल्ह्यातला. गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन्ही लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्या दोन वर्षांत मी शाळा व्यवस्थापन समितीवरही होतो. त्यामुळं हे भांडण बैठकीत ऐकलं तसं दुकानाच्या काउंटरवरही ऐकलं. बैठकीत माणूस चारचौघांत बोलतो, काउंटरवर खरं बोलतो.

माझं स्पष्ट मत आहे, भांडण लावलं ते संमतीपत्रानं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या सरकारच्या आदेशानं. तेव्हा कुणाला विचारलं नाही, म्हणून कुणी भांडलंही नाही. उघडायची वेळ आली तेव्हा मात्र निर्णय एकेक पायरी खाली उतरत आला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी सुरू करायचं ठरलं, पण आपापल्या जिल्ह्यात उघडायचं का ते स्थानिक प्रशासनानं बघावं. ७ जुलै २०२१ च्या शासन निर्णयानं तो गावाच्या गळ्यात आला. महिनाभरात एकही रुग्ण नसलेल्या गावानं ठराव घ्यायचा, सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती, त्यात तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, आणि मग १५ जुलैपासून आठवी ते बारावी सुरू. सगळ्यात खालच्या पायरीवर पालकाची सही. हजेरीची सक्ती नाही, पण पाठवायचं तर लिहून द्या. त्या कागदावर भाषा काहीही असो, आमच्याकडं त्याचा एकच अर्थ निघाला: लेकराला काही बरंवाईट झालं तर सही तुमची आहे.

आता गावात सही ही साधी गोष्ट नाही. सोसायटीच्या कर्जावर, जामीनकीवर सह्या करून हात पोळलेली माणसं इथं घरोघरी आहेत. दुकानात एक जण संमतीपत्राची झेरॉक्स घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं परत आला. म्हणाला, "भाऊ, यावर मास्तरची सही कामून न्हाई?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

बरं, जे पाठवायला तयार नव्हते त्यांना अडाणी म्हणून निकालात काढू नका. एप्रिल-मे २०२१ आमच्या भागानं बघितलाय. अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी देशभर गेली, आम्हाला ती बातमी म्हणून कळली नाही, सोयरे-धायरे म्हणून कळली. त्यानंतर दोन महिन्यांत त्याच माणसांच्या हातात संमतीपत्र आलं.

त्यात शाळेची इमारत. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून आणि कारखान्यांवरून परत आलेली माणसं शाळेच्या खोल्यांतच चौदा-चौदा दिवस ठेवली होती. सतरंज्या शाळेच्या, पाण्याची टाकी शाळेची. उघडायच्या आधी ग्रामपंचायतीनं सोडियम हायपोक्लोराइट फवारलं, तेही कापसावर फवारायच्याच पाठीवरच्या पंपानं. ते बघून एक आजी म्हणाली, "बोंडअळी मेली न्हाई त्या पंपानं, ह्यो काय मरतोय." लोक हसले, पण त्या आठवड्यात तिचा नातू काही शाळेत आला नाही.

आणि शिक्षक. आमचे बहुतेक सर आणि मॅडम तालुक्याच्या गावाहून अपडाऊन करतात. एरवी ही तक्रार वेगळी असते, की गावात राहत नाहीत. तेव्हा ती अशी झाली की रोज बाहेरून येणारे हेच. जुलैच्या त्या शासन निर्णयात लिहिलेलंही होतं की शिक्षकांची सोय शक्यतो गावातच करावी, नाहीतर त्यांनी सार्वजनिक वाहनानं ये-जा करू नये. गावात भाड्याची खोली कुठं मिळते, आणि कोरोनात बाहेरच्याला कोण देतं? बैठकीत एका पालकानं तोच मुद्दा धरून ठेवला. सरपंच वैतागून म्हणाले, "मग सरांना तुझ्या घरी ठेवतो." बैठक तिथंच संपली.

आता दुसरी बाजू. शाळा बंद होती तेव्हा शिक्षण सुरू होतं, असं कागदावर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यासमाला यायची, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली लागायचं. कार्यक्रम चांगलाच होता, माझी धाकटी बघायची. पण फोन घरात एक, तो बापाच्या खिशात, बाप शेतात. संध्याकाळी सात वाजता फोन घरी येणार, तेव्हा चार्जिंग संपलेलं, रिचार्ज संपलेला, आणि घरात लेकरं तीन. पहिला नंबर थोरल्याचा, कारण त्याची दहावी. पहिली-दुसरीवाल्यापर्यंत फोन पोचायचाच नाही. आमच्या एका सरांनी स्वतःच्या पैशानं माझ्याकडून स्वाध्यायाच्या झेरॉक्स काढून मारुतीच्या पारावर लेकरं बसवली. ते चाललं तोवर बरं चाललं. मग त्यांची ड्यूटी सर्वेक्षणाला लागली आणि पार रिकामा झाला.

जे पालक "उघडा" म्हणत होते त्यांच्यात दोन प्रकार होते. एक, ज्यांच्या लेकराचं वाचन गेलेलं दिसत होतं. मार्च २०२० मध्ये पहिलीत बाराखडी वाचणारं पोरगं तिसरीत गेलं आणि स्वतःच्या नावापलीकडं अक्षर ओळखेना. दुसरा प्रकार बैठकीत तोंड उघडत नव्हता. आठवी-नववीतल्या मुलींच्या आया. एक जण दुकानात आधार कार्डाची प्रिंट घ्यायला आली होती. मी सहज म्हटलं, वहिनी, पोरीला पाठवणार का? ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "भाऊ, साळा लवकर चालू करा. घरी बसलेली दिसली की लोक स्थळं घेऊन यायलेत. सासऱ्याला न्हाई म्हणायला मला कायतरी कारण पायजे." तिला इंग्रजी-गणिताचं काही पडलेलं नव्हतं. मुलगी रोज दप्तर घेऊन घराबाहेर पडते एवढं दिसलं की तिचं काम भागत होतं. मराठवाड्यात त्या दोन वर्षांत किती मुलींची लग्नं घाईत उरकली हे इथल्या कुठल्याही आशाताईला विचारा.

म्हणून मी म्हणतो, कोण कुठल्या बाजूला होतं हे त्याच्या घरात डोकावलं की कळायचं. घरात दम्याचं म्हातारं माणूस असलं तर "नको". लेकराला सांभाळायला कुणी नसलं तर "उघडा". एकाच वाड्यातले दोन भाऊ, थोरल्यानं सही केली, धाकट्यानं नाही केली. जावा-जावा महिनाभर बोलत नव्हत्या. आणि चौघं चुलत भावंडं एकाच रांजणातलं पाणी प्यायची, रात्री एकाच पटकुरावर झोपायची! धाकटा मला म्हणाला, "मी सही केली न्हाई, माझं मन साफ हाय." आजार कसा पसरतो याच्याशी त्या सहीचा काहीएक संबंध नव्हता.

सगळ्यात वाईट गत झाली ऊसतोडीच्या घरांची. शहरातल्या वाचकांना हे सांगायलाच पाहिजे, कारण शाळा उघडायच्या तारखा ठरवताना मंत्रालयात कुणाला हे आठवलं असेल असं वाटत नाही. आमच्याकडं दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात, दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, थांबता येत नाही. लेकरं एकतर फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात. मागं राहणाऱ्यांसाठी शाळेला जोडून हंगामी वसतिगृह असायचं, दोन वेळच्या जेवणाची सोय व्हायची. शाळाच बंद म्हटल्यावर आमच्या गावात वसतिगृह कुठलं? त्या वर्षी जी पोरं बरोबर गेली त्यातल्या थोरल्यांनी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा केलं, मोळ्या बांधल्या आणि धाकटी भावंडं सांभाळली.

आता तारखा बघा. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी सुरू झाली ४ ऑक्टोबर २०२१ ला. दसरा होता १५ ऑक्टोबरला. म्हणजे वर्ग भरून दहा-बारा दिवस झाले नाहीत तोवर टोळ्यांचे ट्रक लागले. आणि पहिली ते चौथी उघडली १ डिसेंबरला, तेव्हा आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडात. संमतीपत्रावर पालकाची सही हवी. पालक कुठंय? मुख्याध्यापकांनी मला फोन केला की आजी-आजोबांचं चालेल का ते तुम्हीच समितीवाले सांगा. आम्ही चालवलं. माझ्या दुकानातलं निळं शाईपॅड त्या आठवड्यात शाळेत होतं. म्हाताऱ्या येऊन अंगठे देत होत्या. एकीनं अंगठा टेकवायच्या आधी विचारलं, "ह्याच्यानं पोराला सुई टोचत्यात का?" दुसरीनं अंगठा दिला, घरी गेली, रात्री फडावरून लेकाचा फोन आला, तो भडकला, सकाळी परत येऊन म्हणाली माझा अंगठा पुसून द्या. पुसायचा कसा? सरांनी तो कागद फाडून तिच्या हातात दिला.

इंग्रजी शाळेच्या व्हॅनवाल्या पालकांचं भांडण निराळंच. ते मूळ फीचं होतं. वर्ग नाही तर फी कसली, असं ते, आणि शिक्षकांचे पगार कुठून करू, असं संस्थाचालक. त्यातली बरीच लेकरं आमच्या शाळेत आली. देशभर तसंच झालं. असर नावाची खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी होते, तिच्यात २०२१ मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांचं प्रमाण ७०.३ टक्के निघालं, २०१८ मध्ये ते ६४.३ होतं. आमच्या मुख्याध्यापकांना पट वाढल्याचा आनंद लपवता येत नव्हता.

आता, बरोबर कोण?

शास्त्राच्या बाजूनं बघितलं तर उघडा म्हणणारे, त्यातही लहान वर्ग आधी उघडा म्हणणारे. २० जुलै २०२१ ला आयसीएमआरचे, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे, तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी जाहीरपणे सांगितलं की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, तेव्हा शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं ठरेल, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं लसीकरण मात्र आधी झालेलं हवं. त्याच वेळी रक्तातली प्रतिपिंडं तपासणाऱ्या चौथ्या सिरो सर्वेक्षणात सहा ते सतरा वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांत प्रतिपिंडं सापडली होती, म्हणजे शाळा बंद ठेवूनही विषाणू घरात येऊन गेलेला होता. आणि आपल्याकडं क्रम उलटा. मोठे आधी, पाचवी ते आठवी मग, चिमुकले सगळ्यात शेवटी. ज्याला घरी बसून पुस्तक वाचता येतं तो आधी शाळेत, ज्याला अक्षरच ओळखायचंय तो पावणेदोन वर्षं घरी. त्याचा हिशोब पुढं आला. असरच्याच पाहणीत देशातल्या खेड्यांत तिसरीतल्या शंभरातली २७ मुलं २०१८ मध्ये दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, २०२२ मध्ये विसाच्या आसपासच.

पण हे सगळं त्या वेळी गावाला कुणी सांगितलं? १० ऑगस्ट २०२१ ला शासन निर्णय निघाला की १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडा. आम्ही खोल्या धुतल्या, बाकांवर चुन्यानं खुणा केल्या. दोनच दिवसांत टास्क फोर्सचा, म्हणजे सरकारला कोरोनावर सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या गटाचा, विरोध म्हणून स्थगिती. सरकारला स्वतःला आठवडाभर एका जागी थांबता येईना, आणि चौथी शिकलेल्या बापानं मात्र एका कागदावर ठाम सही करावी! "नको" म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. त्यांना जी माहिती मिळाली ती टीव्हीवरची आणि स्मशानातली. आशाताई नाहीतर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी एकदा शाळेत येऊन पालकांसमोर अर्धा तास बोलावं, अशी मागणी मी समितीत केली होती. डॉक्टर आले ते लसीकरणाच्या शिबिराला. त्या दिवशी तिथंच पालकांनी त्यांना घेरून शाळेचं विचारलं, त्यांनी नीट सांगितलं, आणि पुढच्या चार दिवसांत माझ्याकडं संमतीपत्राच्या झेरॉक्सला पुन्हा गर्दी झाली.

ओमायक्रॉन आला तेव्हा १० जानेवारी २०२२ पासून शाळा परत बंद झाल्या. मुदत १५ फेब्रुवारीपर्यंतची होती. या वेळी गावात दोन बाजू उरल्याच नव्हत्या. जो धाकटा भाऊ सही करत नव्हता तोच सरपंचाच्या दारात उभा, की बाजार चालू, लग्नं चालू, मग साळाच कामून बंद? ओरड राज्यभर झाली असावी, कारण २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या परवानगीनं उघडायचं ठरलं. संमतीपत्र तेव्हाही होतंच. सरांनी कोरे कागद लेकरांच्या हातीच घरी पाठवले, दुसऱ्या दिवशी बहुतेक सह्या होऊन परत आले. एका कागदावरची सही मला सरळ पोराच्याच हातची दिसत होती. सरांनाही दिसली. त्यांनी ती फाइलला लावली.