हातमागावरची घोंगडी इतकी टोचते का? विणणारे ती मऊ का करत नाहीत?

टोचते, कारण ती दख्खनी मेंढीची आहे. एवढ्यावर थांबले असते, पण हे दर प्रदर्शनात ऐकावं लागतं आणि याच्यावरून आमच्या घरात जुना वाद आहे.

आम्ही माणदेशातले सणगर, म्हणजे घोंगडी विणणारे. माग नवऱ्याकडे, सूत आणि सुताला लावायची चिंचोक्याची खळ माझ्याकडे. दख्खनी लोकर जाड आणि केसाळ असते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचं टोक कातडीला लागलं की वाकत नाही, रुततं. मेरिनो मेंढीचा तंतू २५च्या आतला, म्हणून तो मऊ लागतो. यात विणणाऱ्याच्या हाताचा काही दोष नाही.

आमची खरी धांदल वैशाखात सुरू होते ती मृग लागेपर्यंत. धनगरांना घोंगडी पावसाआधी हवी असते आणि खळ उन्हाशिवाय वाळत नाही. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे, मग शिजवत बसायचं. बोटावर घेतली की तार सुटली पाहिजे. गल्लीत लांबच्या लांब ताणा, म्हणजे उभी सुतं, बांधायचा आणि दोन्ही अंगांनी कुंच्याने खळ मारत जायचं, मागोमाग चिकटलेली सुतं बोटांनी सोडवत. आभाळ आलं तर ताणा ओलाच राहतो, त्याला आंबूस वास सुटतो. म्हणून ताणा कोणाचाही असो, गल्लीतल्या सगळ्याजणी हातातलं काम टाकून येतात. त्याची मजुरी कोणी मागत नाही. उद्या त्यांच्या ताण्याला मी असतेच.

अशाच एका वैशाखात शहरातल्या एका दुकानाने बरीच घोंगडी मागवली. गावचं काम मागे ठेवून आम्ही ती दिली. ऐन ज्येष्ठात गठ्ठा परत. निरोप असा, की गिऱ्हाइकांना टोचते, बाण्यात, म्हणजे आडव्या सुतात, अॅक्रेलिकचं कृत्रिम सूत घाला, मग घेऊ. माझे दीर म्हणाले, "वहिनी, घालू या की. कुणाला कळतंय?" मी नाही म्हटलं. त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. सूत कातणाऱ्या बायकांचे पैसे द्यायचे होते, ते मी बोरमाळ गहाण ठेवून दिले.

त्याच आठवड्यात एक म्हातारे धनगर आले. त्यांनी परत आलेल्या गठ्ठ्यातलं एक घोंगडं काढलं, उन्हासमोर धरून वीण बघितली, नातवाला म्हणाले, टोकं धर. चौघांनी चार कोपरे धरले आणि मधल्या खोलगट भागात त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तिथेच थांबलं. खाली हात लावून बघितला, वाट बघितली, पुन्हा हात लावला. मग दोन घोंगडी घेऊन गेले. डोक्यावर खोळ करून दिवसभर पावसात उभं राहणाऱ्या माणसाला ती टोचते की नाही हा प्रश्न पडत नाही. बाकीची त्यांच्या ओळखीने खपली, उरलेली पुढे बिरदेवाच्या जत्रेत गेली.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. अॅक्रेलिकला हे जमत नाही. आणि आम्हीच अॅक्रेलिक घातलं तर धनगराची लोकर घेणार कोण? आताच कातरणीची मजुरी सुटत नाही म्हणून लोकर बांधावर टाकून देतात. जतकडची माडग्याळ मेंढी मटणाला चांगली, अंगावर लोकर जेमतेम. कळपच्या कळप तिकडे वळतायत. दख्खनी मेंढी गेली की माझ्या नवऱ्याचा माग आपोआप बंद.

मऊच हवी असेल तर जावळाची मागा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. ती महाग पडते आणि मिळतेही कमी. तान्ह्या बाळाला किंवा अंगावर पुरळ उठणाऱ्या माणसाला तीही थेट लावू नका, आत सुती लुगडं घाला. वापरून वापरून साधी घोंगडीसुद्धा बरीच नरमते. मशीनमध्ये धुऊ नका, आटते. "टोचते म्हणून रक्ताभिसरण सुधारतं" असं सांगून विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आणि कोणी मखमलीसारखी मऊ घोंगडी स्वस्तात देत असेल, तर काठाचं एक सूत उपसून पेटवा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो, जाळ आपोआप विझतो, राख चिमटीत चुरते. अॅक्रेलिक वितळतं आणि त्याची काळी कडक गोळी होते. "कुणाला कळतंय" म्हणणाऱ्या माझ्या दिरांना मी हे ओसरीवर सगळ्यांसमोर करून दाखवलंय. ते अजून म्हणतात धंदा असा चालत नाही. आमचा माग चालू आहे.