दोन वर्षांचा मुलगा बोलत नाही, म्हणून घरातली मराठी बंद करावी का?

तुमचा प्रश्न वाचला आणि पाच वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यांसमोर उभं राहिलं. तुम्ही लिहिलंय की नाशिकहून बडोद्याला येऊन वर्ष झालं, मुलगा २३ महिन्यांचा आहे आणि जेमतेम आठ-दहा शब्द बोलतो. घरात मराठी, शेजारी गुजराती, सांभाळणाऱ्या बाई हिंदी बोलणाऱ्या. डॉक्टर म्हणाले, मुलाचा गोंधळ होतोय, मराठी बंद करा आणि एकच भाषा ठेवा. तर करावी का?

नका करू. आधी त्याचे कान तपासून घ्या. मी डॉक्टर नाही, पण या रस्त्याने चुकत चुकत गेलेली आई आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही दांडिया बाजारात राहतो, माझ्या सासरची ही बडोद्यातली चौथी पिढी. माझा मुलगा २२ महिन्यांचा असताना एका बालरोगतज्ज्ञांनी आम्हालाही हेच सांगितलं होतं. सासऱ्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, १८७५ साली सयाजीरावांना कवळाण्याहून इथे आणलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि त्यांना मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा शिकवल्या, मग आपल्या पोराला दोन का जड जातील? बारा वर्षांच्या मुलाचं उदाहरण तान्ह्याला लागू पडत नाही, असं मी त्यांना ऐकवलं. आम्ही मराठी बंद केली. मूळ मुद्दा त्यांचाच बरोबर होता हे नंतर कळलं.

ते चार महिने मला अजून सलतात. सासूबाईंना गुजराती उत्तम येतं, बाजारहाट सगळा गुजरातीतच चालतो. पण त्यांना गुजरातीत लाड करता येत नाहीत. आधी त्याला आंघोळ घालताना त्यांचं अखंड बोलणं चालायचं. पाणी कोमट झालं का, नाक कुठंय, पायाला एवढी माती कुठून आली, कोण होतं ते चिखलात? ते सगळं थांबलं. ‘चालो’, ‘हाथ आप’ एवढंच उरलं. ज्या मुलाला जास्त बोलणं कानावर पडायला हवं होतं, त्याच्या वाट्याचं निम्मं बोलणं आम्ही आपल्या हातांनी काढून घेतलं.

दोन-तीन भाषांमुळे बोलणं लांबतं, हा समज खरा नाही. अशा घरातली मुलंही पहिला शब्द, दोन शब्दांची जोडणी या पायऱ्या साधारण त्याच वयात चढतात. प्रत्येक भाषेतले शब्द थोडे कमी असू शकतात, पण सगळ्या भाषांची बेरीज केली की आकडा जुळतो. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हेही वाढीचाच भाग आहे. आणि ज्या मुलाला भाषेची खरीच अडचण असते, त्याला ती दोन्ही भाषांत असते. त्यातली एक काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही.

ही बेरीज कशी चुकते ते सांगते. आम्ही ज्या स्पीच थेरपिस्टकडे गेलो त्यांनी शब्द विचारले, मी नऊ सांगितले. त्यात ‘भू’ होता. मी म्हणाले, त्याला कुत्रा फार आवडतो, दिवसभर भू भू करतो. खेळता खेळता त्याने परत ‘भू’ म्हटलं, तेव्हा त्या गुजराती बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि तो घटाघट प्यायला. गुजरातीत लहान मुलांचं पाणी म्हणजे ‘भू’. दुपारी तो शेजारच्या मासींकडे असायचा, तिथे शिकला होता. माझं मूल पाणी मागत होतं आणि मी त्याला खिडकीतून कुत्रा दाखवत होते. त्या संध्याकाळी मासींना आणि कामाच्या बाईंना विचारून नवी यादी केली. ‘नथी’, ‘चालो’, ‘दे दो’, गाईचं हंबरणं, गाडीचा आवाज असं सगळं धरून २१ शब्द निघाले. एकाच गोष्टीसाठी मूल दर वेळी तोच आवाज काढत असेल तर तो शब्दच धरायचा, उच्चार कितीही मोडका असो. तुम्हीही आज ही यादी करा, सांभाळणाऱ्या बाईंना विचारून करा.

तरीही २६ महिन्यांना २१ शब्द कमीच होते, म्हणून थेरपिस्टनी श्रवण तपासणीला पाठवलं. मला ते अनावश्यक वाटलं. जन्मल्यावर चाचणी झाली होती, कुकरची शिट्टी झाली की तो वळायचा. पण शिट्टी मोठी असते आणि बोलणं हळू असतं. त्याला वारंवार सर्दी व्हायची, त्यातून दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलं होतं. दुखत नव्हतं, वाहत नव्हतं, म्हणून कळलंच नाही. कानात बोटं घालून ऐकावं तसं त्याला ऐकू येत होतं. हे पाणी बऱ्याच मुलांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर आधी वाट बघतात. आमच्याकडे ओसरलं नाही, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पडद्यात बारीकशा नळ्या बसवल्या. त्यांना ग्रॉमेट म्हणतात, आणि त्या वर्षभरात आपोआप गळून पडल्या.

तुमच्या मुलाचंही कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. काही मुलं नुसतीच उशिरा बोलतात आणि मागाहून सगळं भरून काढतात. पण दोन वर्षांच्या मुलाकडे बघून तो त्यांतलाच आहे हे घरबसल्या सांगता येत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे आजोबा चौथ्या वर्षी बोलले’ हे ऐकून सहा महिने थांबू नका. वर्षाचं मूल बडबडत नसेल, बोटाने दाखवत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा आले’, ‘दूध दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर तपासणी करायचीच. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आणखी एक गोष्ट नीट बघा. त्याला विमान दिसलं तर तो तुम्हाला दाखवतो का? म्हणजे बोट करून तुमच्या तोंडाकडे बघतो का, की तुम्हीही पाहिलंत? नावाने हाक मारल्यावर वळतो का? तसं होत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वमग्नतेसाठी (ऑटिझम) १६ ते ३० महिन्यांच्या मुलांची एक प्रश्नावली असते, ती भरून घेतील. त्या प्रश्नावलीने निदान होत नाही, पुढची तपासणी हवी की नको तेवढं कळतं. भीतीने लपवण्यापेक्षा लवकर कळलेलं बरं, कारण या वयात मदत मिळाली तर ती फार उपयोगी पडते.

वेखंड उगाळून जिभेला लावणं आमच्याकडेही झालं. त्याने बोलणं सुरू होत नाही. जीभ खालून चिकटलेली असेल तर एखाद्या उच्चारात अडचण येऊ शकते, पण मूल बोलतच नाही याचं ते कारण सहसा नसतं. मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा आहे की एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको. बालगीतांच्या व्हिडिओतून मूल रंग आणि आकडे म्हणायला शिकेल, पण तो व्हिडिओ त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

थांबणं हेच मला थेरपीत सगळ्यात अवघड गेलं. मी सारखी ‘म्हण पाणी, म्हण ना’ करायचे. त्यांनी ते बंद करायला लावलं. त्याच्या उंचीला खाली बसायचं, एका हातात केळं आणि एका हातात बिस्किट धरून ‘केळं की बिस्किट?’ विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. आपल्याला ते दहा आकडे फार लांब वाटतात. तो ‘के’ म्हणाला की ‘केळं हवं? हे घे पिवळं केळं’ असं एक पाऊल पुढचं बोलून द्यायचं. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द गाळून त्याच्याकडे बघत राहायचं. आणि हे सगळं त्या भाषेत, जी तुम्हाला विचार न करता बोलता येते. त्यांनी सासूबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं आणि गुजरातीत सांगितलं, बा, तमे मराठीमां ज बोलो. सासूबाई रिक्षातच रडल्या. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ पुन्हा अर्धा तास चालायला लागली.

नळ्या बसवल्यानंतर तीन-चार महिन्यांत तो दोन-दोन शब्द जोडायला लागला, मराठी-गुजराती मिसळून. ‘आजी, भू दे.’ आता सात वर्षांचा आहे, आमच्याशी मराठी, मासींशी गुजराती, शाळेत इंग्रजी.

खर्चाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि विकासातला उशीर हा त्याचाच एक भाग आहे. पुढच्या मोफत तपासणीसाठी ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. सयाजी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी करता येईल.

तपासणीला जाताना शब्दांची यादी आणि घरी खेळतानाचा एखाद-दोन मिनिटांचा व्हिडिओ जवळ ठेवा, कारण परक्या खोलीत मुलं गप्प होतात. ऐकू येतं का हे बघणारी बेरा नावाची चाचणी सांगितली तर तिला मूल झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा, दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या, आणि वाटेत अजिबात झोपू देऊ नका. आमचा रिक्षातच झोपला, पोचेपर्यंत टक्क जागा झाला, आणि आम्हाला आठ दिवसांनी परत जावं लागलं.